सांगलीचा ख्रिस्त आणि साताऱ्याचा ख्रिस्त

गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर यांचे ‘ख्रिस्त परिचय अर्थात ख्रिस्ताचे हिंदुत्व’ हे पुस्तक १९४६ साली प्रथम प्रसिद्ध झाले. तत्पूर्वीच, १६ मार्च १९४५ रोजी, सांगली येथे ग्रंथकर्त्याचा देहांत झाला होता. आपले पुस्तक छापून आलेले पाहण्याचा योग त्यांस लाभला नाही. पुढे सत्तर वर्षे हे पुस्तक जुन्या ग्रंथालयांच्या फडताळांत जवळजवळ विस्मृत होऊन पडले होते. २०१६ साली मुंबईच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा वर्तमानपत्रांतून चार दिवस गदारोळ झाला. कोणी हसले, कोणी संतापले, कोणी टाळ्या पिटल्या. पुस्तक हाती घेऊन त्यातील प्रमेये एकेक करून तपासण्याचे रूक्ष काम मात्र ह्या गडबडीत मागेच राहिले. ते येथे यथाशक्ति करावे असा आमचा विचार आहे.

पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे : येशू ख्रिस्त जन्माने विश्वकर्मा ब्राह्मण होता, त्याचे खरे नाव केशव कृष्ण, त्याची मातृभाषा तमिळ आणि वर्ण सावळा. बाराव्या वर्षी त्याची मुंज झाली व त्याच्या गळ्यात जानवे होते. पॅलेस्टाइन ही मुळात हिंदूंचीच भूमी. वधस्तंभावरून उतरविल्यावर एसीन नावाच्या पंथाच्या लोकांनी हिमालयातील वनस्पतींच्या औषधींनी त्यास पुन्हा सावध केले. मग तो काश्मीरात आला, तेथे त्याने योगसाधना केली, त्यास शिवदर्शन घडले आणि तेथेच त्याने समाधी घेतली. तात्पर्य, ख्रिस्ती धर्म हा हिंदु धर्माचाच एक पंथ होय.

ह्या विधानांवर हसणे सोपे आहे. परंतु सांगली-साताऱ्याकडील ज्या घरांतून हे पुस्तक आज वाचले जाईल, त्या घरांत बाबारावांचे नाव हसण्यावारी नेण्याचे नाही, आणि नसावेही. १९०९ साली केवळ काही कविता प्रसिद्ध केल्याच्या आरोपावरून ज्या माणसास जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ज्याने अंदमानात कोलू ओढला आणि १९२२ साली जो बाहेर आला तो खंगलेले शरीर घेऊनच, त्या माणसाने मृत्यूच्या छायेत लिहिलेले हे पुस्तक आहे. अशा लेखकाविषयी वाचकाच्या मनात जी भक्ती असते तीच येथे खरी अडचण होऊन बसते. घरातील मुलगा विचारतो, “हे खरे आहे का?” आणि वडील माणसे म्हणतात, “एवढा त्यागी पुरुष खोटे कशाला लिहील?” प्रश्न खोटे लिहिण्याचा नाहीच. बाबाराव मनापासून लिहीत होते ह्याविषयी आम्हांस तिळमात्र संशय नाही. परंतु त्यागाची पुण्याई पुराव्याच्या खाती जमा करता येत नाही. ती दोन खाती निराळी ठेवावी लागतात. हे शिक्षण ह्या भागाच्या लोकांस बाहेरून घ्यावे लागेल असेही नाही. सांगलीहून हाकेच्या अंतरावर, मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकविता शिकविता वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरांतील कागद निवडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड काढले. वाईस सापडलेल्या कागदांवरून राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड सिद्ध केला. कागद कोणाचा, कोणत्या तिथीचा, तो लिहिणारा घटनेच्या किती जवळ होता, हे प्रश्न आमच्या ह्या थोर मंडळींनी पेशव्यांच्या व पटवर्धनांच्या बाबतीत विचारले. तेच प्रश्न नाझरेथच्या सुताराच्या मुलाबाबत विचारू नयेत असे थोडेच आहे?

प्रथम नावाचा प्रश्न घेऊ. ‘ख्रिस्त’ हे नावच नव्हे. ‘अभिषिक्त’ ह्या अर्थाच्या ‘मशीह’ ह्या हिब्रू शब्दाचे ते ग्रीक भाषांतर आहे, आणि त्याचा धातू ‘माखणे, अभ्यंग करणे’ ह्या अर्थाचा आहे. ‘कृष्ण’ म्हणजे काळा. दोन शब्दांत ध्वनीचे साम्य आहे, अर्थाचे नाही आणि इतिहासाचेही नाही. हा मोह मात्र बाबारावांचा एकट्याचा नव्हे. फ्रेंच लेखक जाकोल्यो याने १८६९ सालीच कृष्णचरित्रातून ख्रिस्तचरित्र काढून दाखविण्याचा खटाटोप केला होता, आणि अलीकडे पु. ना. ओक यांनी तोच सूर आणखी वरच्या पट्टीत लावला. व्युत्पत्तीचा छंद असा वाईट आहे की, कागदाच्या बाबतीत लोखंडासारखे कठोर असणारे राजवाडेसुद्धा शब्दाच्या मागे लागले म्हणजे कधी कधी फार दूर वाहवत जात. तमिळ मातृभाषेचेही तसेच. येशूच्या तोंडचे काही शब्द मार्काच्या शुभवर्तमानात मूळ भाषेत राहून गेलेले आहेत, आणि ते अरामी आहेत. त्यांपैकी ‘अब्बा’, म्हणजे बाप, हा शब्द तमिळ ‘अप्पा’सारखा ऐकू येतो हे खरे, परंतु एवढ्यावरून निर्णय करावयाचा तर सांगलीच्या पेठेतील झाडून सारे आप्पा गालिलाच्या किनाऱ्यावरून आले असे म्हणण्याची पाळी येईल. बाप आणि आई यांच्यासाठी मूल जगभर ओठांवरचीच अक्षरे उच्चारते, यापलीकडे त्या साम्यात काही नाही.

आता एसीन पंथ. पुस्तकाची सारी इमारत ह्या एका खांबावर उभी असल्यामुळे येथे थोडे थांबणे अवश्य आहे. हा पंथ काल्पनिक नाही. पहिल्या शतकातील फायलो, जोसिफस व प्लिनी ह्या तिघांनी त्याचे वर्णन केले आहे. प्लिनी त्यांची वस्ती मृत समुद्राच्या पश्चिमेस सांगतो. जोसिफस म्हणतो की, पंथात येऊ इच्छिणाऱ्यास एक वर्ष बाहेर ठेवीत, आणखी दोन वर्षे पारखीत, आणि मग घोर शपथ घालून आत घेत. पंथाचे रहस्य जिवावर बेतले तरी फोडावयाचे नाही असा त्या शपथेचा आशय असे. सामाईक भोजन, स्नान, शुभ्र वस्त्र, संपत्तीचा त्याग हे सारे वाचताना आमच्या वाचकास एखाद्या मठाची आठवण व्हावी हे साहजिक आहे. परंतु आठवण होणे निराळे आणि वंशावळ जुळणे निराळे. नव्या करारात एसीनांचे नाव एकदाही आलेले नाही. बाबाराव वारल्यानंतर दोन वर्षांनी, १९४७ साली, मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहांतून जुन्या गुंडाळ्या सापडू लागल्या, आणि बहुतेक विद्वानांच्या मते त्या ह्याच पंथाच्या आहेत. त्यांत काय निघाले? शब्बाथाचे कडकडीत नियम, मोशेच्या धर्मशास्त्रावरील काथ्याकूट, जगाच्या अंताची वाट पाहणे. कट्टर यहुदी मनाचा तो आरसा आहे. त्यात जानवे नाही, शिव नाही, हिमालयातील मुळीही नाही. ह्या गुंडाळ्या बाबारावांस ठाऊक असणे शक्यच नव्हते. हा दोष त्यांच्याकडे नाही. पण २०१६ नंतर पुस्तक हाती घेणाऱ्यास ही सबब उरत नाही.

एसीनांनी येशूस वधस्तंभावरून वाचविले ही कल्पनाही आर्यावर्तात जन्मलेली नाही, हे पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. ती अस्सल जर्मन आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बार्ट नावाच्या एका जर्मन पंडिताने असे कथानक रचले की, एसीन ही एक गुप्त मंडळी होती, येशू तिचा सभासद होता, आणि मृत्यू व पुनरुत्थान हा मंडळीने वैद्यकाच्या साहाय्याने घडवून आणलेला देखावा होता. १८०० च्या सुमारास व्हेंतुरीनी याने त्यावर चार भागांची जवळजवळ कादंबरीच लिहिली. पुढे एका एसीनाने लिहिलेले म्हणून एक ‘प्रत्यक्षदर्शी पत्र’ जर्मनीत १८४९ साली छापून निघाले. ते बनावट आहे हे उघड असूनही १९०७ मध्ये शिकागोस त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली व खपली. १८९४ साली रशियन प्रवासी नोतोविच याने पॅरिसमध्ये जाहीर केले की, पाय मोडल्यामुळे आपण लडाखच्या हेमिस मठात राहिलो असता तेथील लामाने इसाचे अज्ञात चरित्र आपणांस वाचून दाखविले. मॅक्समुल्लरने त्याच वर्षी त्यावर संशय व्यक्त केला. पुढल्याच वर्षी आग्ऱ्याच्या सरकारी कॉलेजातील प्रोफेसर डग्लस हे मुद्दाम हेमिसला गेले आणि मठाधिपतीस त्यांनी पुस्तकातील मजकूर ऐकविला, तेव्हा असा ग्रंथ आपल्या मठात नाही आणि असा मोडक्या पायाचा पाहुणाही कधी आला नव्हता असे त्याने साफ सांगितले. मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ साली ‘मसीह हिंदुस्थान में’ लिहून श्रीनगरच्या खानयार मोहल्ल्यातील एक कबर येशूची म्हणून दाखविली, ती गोष्ट आणखी निराळी.

ही तीन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचली म्हणजे मोठी मौज दिसते. नोतोविचचा इसा जगन्नाथपुरी व काशी येथे ब्राह्मणांशी भांडतो आणि शूद्रांची बाजू घेतो. बाबारावांचा ख्रिस्त स्वतःच ब्राह्मण आहे. मिर्झासाहेबांचा इसा अल्लाचा पैगंबर म्हणून वृद्धापकाळी काश्मीरात शांतपणे देह ठेवतो. हिंदुस्थानात आलेला ख्रिस्त एकच असता तर त्याचा धर्म तिघांनी तीन सांगितला नसता. अल्बर्ट श्वाइट्झर याने १९०६ साली येशूच्या शेकडो चरित्रांचा झाडा घेतला. बार्ट व व्हेंतुरीनी यांचाही त्याने समाचार घेतला आहे. प्रत्येक चरित्रकार त्या आडात डोकावून आपलेच तोंड पाहतो, हा त्या ग्रंथाच्या वाचकास मिळणारा धडा आमच्या तिघांस पुरेपूर लागू पडतो.

परंतु विद्वत्तेने शंभरदा खोडलेली कल्पना मरत का नाही? आमच्या मते ह्याचे उत्तर ‘गुप्त मंडळी’ ह्या युक्तीत आहे. इतर कोणत्याही प्रमेयास पुरावा नसणे हे वैगुण्य असते. येथे ते भूषण होते. कागद नाही? अर्थातच नाही, तो जाळण्याची शपथच होती. साक्षीदार नाही? तो गप्प बसण्यास बांधलेला होता. अशा रीतीने मौन हाच मोठ्यात मोठा साक्षीदार होऊन बसतो, आणि मौनाची उलटतपासणी करता येत नाही. युरोपात टेंपलर नावाच्या योद्धा-संन्याशांच्या बाबतीत हेच झाले. हा संघ १११९ च्या सुमारास निघाला, १३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्सच्या राजाने त्याच्या लोकांस एकदम पकडले, १३१२ साली पोपने संघ मोडला आणि १३१४ मध्ये त्याचा शेवटचा महंत जाक द मोले जिवंत जाळला गेला. संघ संपला, आणि तेथून त्याचा ‘गुप्त इतिहास’ सुरू झाला. १९५६ साली प्लांतार नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने ‘सायनचा मठ’ नावाची एक संस्था रीतसर नोंदविली, मग ती अकराव्या शतकापासून चालत आल्याचे बनावट कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले; १९८२ साली तिघा इंग्रजी लेखकांनी त्यावर येशूच्या वंशाचा ‘इतिहास’ उभारला आणि २००३ साली एका अमेरिकन कादंबरीकाराने तो मजकूर कोट्यवधी घरांत पोहोचविला. त्या तिघांपैकी दोघांनी कादंबरीने आमचे चोरले म्हणून लंडनच्या न्यायालयात फिर्याद लावली. ती २००६ साली फेटाळली गेली. घडलेली गोष्ट कोणाच्याच मालकीची नसते, एवढा विचार त्या ‘इतिहासकारांस’ सुचू नये ह्याचे नवल वाटते.

गुप्त मंडळींविषयी बोलण्याचा अधिकार बाबारावांस होता, आणि तो अंगावरच्या खुणांनी मिळविलेला होता. नाशिकचा मित्रमेळा व अभिनव भारत ह्यांचे ते आधारस्तंभ होते. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात नमूद आहे की, त्यांच्या घराच्या झडतीत युरोपीय क्रांतीच्या गुप्त मंडळ्यांविषयीचे फ्रॉस्ट याचे इंग्रजी पुस्तक सापडले, आणि त्यावर जागोजाग खुणा केलेल्या होत्या. ज्याने शपथा दिल्या, घेतल्या आणि सोसल्या, त्यास एसीनांच्या शपथेत आपली माणसे दिसावीत ह्यात मानवी मनाचे एक हृद्य सत्य आहे. पुस्तकातील आम्हांस सर्वांत खरा वाटलेला भाग हाच. पण त्यांचाच अनुभव त्यांच्या प्रमेयाच्या उलट साक्ष देतो. खऱ्या गुप्त मंडळीचा माग राहतोच, आणि तो बहुधा शत्रूच्या दप्तरात राहतो. अभिनव भारताची हकीकत झडत्यांच्या पंचनाम्यांत, माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांत व न्यायालयांच्या निकालपत्रांत जागोजाग आहे. टेंपलरांच्या जबान्याही आज छापील मिळतात. रोमी इतिहासकार टॅसिटस ख्रिस्ताचा वध पाँतिय पिलाताच्या अमदानीत झाला एवढे तुच्छतेने नोंदवितो; त्यातून जिवंत निसटल्याची कुणकुण त्याला नाही, आणि ख्रिस्ती धर्माची खोड मोडण्यास टपलेल्या प्राचीन टीकाकारांनाही काश्मीरची वाट कोणी दाखविलेली नाही.

कटाची कथा पुराव्यावाचून मानली म्हणजे काय होते हे साताऱ्याच्या माणसास तरी सांगावे लागू नये. छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त संधान बांधल्याचा, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केल्याचा व कंपनीच्या पलटणीतील देशी अंमलदारांस फितविल्याचा आरोप आला. रीतसर चौकशीत उत्तर देण्याची संधी न मिळता १८३९ साली त्यांस गादीवरून काढून काशीस धाडण्यात आले, आणि तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे एकच मागणे मागत होते : कागद दाखवा, शिक्का तपासा, आरोपीचे म्हणणे ऐका. परक्याच्या दप्तराकडे आम्ही जे मागितले, ते आमच्या आवडत्या पुस्तकाकडे मागावयाचे नाही, हे कोणते न्यायशास्त्र?

खेद ह्याचा वाटतो की, भारत व ख्रिस्ती जग ह्यांच्या खऱ्या देवघेवीची कथा ह्या कल्पितापेक्षा कितीतरी अद्भुत आहे. बुद्धाचे चरित्र मध्य आशियातून पश्चिमेकडे गेले. ‘बोधिसत्त्व’ ह्या शब्दाचे अरबीत ‘बूदासफ’ झाले. अरबी लिपीत ‘ब’ आणि ‘य’ ह्यांत नुक्त्यापुरताच भेद असल्यामुळे लेखकाच्या चुकीने त्याचे ‘यूदासफ’ झाले. तेथून जॉर्जियन, ग्रीक व लॅटिन अशी स्थित्यंतरे होत होत ‘योसाफात’ हा ख्रिस्ती संत निपजला. ज्योतिष्यांच्या भाकितामुळे बापाने महालात कोंडलेला, आणि रोगी, वृद्ध व मृत्यू दिसताच विरक्त झालेला हा राजपुत्र रोमन संतमालिकेत २७ नोव्हेंबर ह्या दिवशी स्मरला जाऊ लागला. म्हणजे कॅथलिक जगताने कित्येक शतके नकळत बुद्धाला वंदन केले! सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्याचा पोर्तुगीज बखरकार दियोगु दो कुतो याच्या ध्यानी हे साम्य आले होते. मुंबईजवळची कान्हेरीची लेणी योसाफाताच्या बापाने मुलासाठी कोरविली, अशी स्थानिक समजूतही त्याने टिपून ठेवली आहे. आता गंमत पाहा. तोच शब्द पूर्वेकडे ‘यूझ आसफ’ ह्या रूपाने टिकला, आणि खानयारच्या ज्या कबरीत येशू आहे असे सांगतात ती ह्याच यूझ आसफ नावाने ओळखली जाते. पश्चिमेत बुद्धाचा ख्रिस्ती संत झाला आणि काश्मीरात त्याच बुद्धाच्या नावाचा ख्रिस्त झाला. ह्यात कोणाचीही गुप्त मंडळी नाही. आहेत ते व्यापारी, भाषांतरकार, थोडेसे निष्काळजी लेखक आणि चांगल्या गोष्टीवरचे माणसाचे प्रेम. हे सारे मराठीत कोणी विस्ताराने, कान्हेरीच्या दगडांपासून आरंभ करून लिहील तर आमच्या तरुणांस काश्मीरच्या कल्पित समाधीची उणीव भासणार नाही.

बाबारावांच्या मनातील दुखणे मात्र खरे होते. मिशनरी येथे आला तो राज्यकर्त्याच्या सावलीत आला. त्याने आमचे देव, आमची पुराणे, आमची आचारपद्धती हीन ठरविली आणि त्याचा ख्रिस्त बूट-पाटलोणीसह आमच्या दारात उभा केला. तो ख्रिस्त परका आहे ही बोच बाबारावांस होती, तशीच ती साताऱ्यास येऊन राहिलेल्या दुसऱ्या एका ब्राह्मणास होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. बावीस वर्षे मिशनरी व्यवस्थेत काढल्यावर १९१७ मध्ये ते अमेरिकन मिशनच्या बंधनातून बाहेर पडले, संन्यस्त वृत्तीने साताऱ्यात राहिले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघांसही त्यात वाव होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत, आणि त्यांच्या अभंगांतील ख्रिस्त आईच्या व गुरूच्या नात्याने बोलावला जातो. त्याला टाळ-मृदंग चालतात, कीर्तन चालते. त्याच्या गळ्यात जानवे घालावे असे टिळकांस कधी वाटले नाही, आणि त्याला नाझरेथहून उचलून मदुरेस आणण्याची गरजही भासली नाही. सोळाशे सोळा साली गोव्याच्या राचोल येथे छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने ओवीची जी वाट पाडली होती, तिच्यावर टिळक तीनशे वर्षांनी अधिकाराने चालले; कारण ही भाषा त्यांची होती, पाहुण्याची नव्हती.

टिळकांचा ख्रिस्त आमच्या सर्वच वाचकांस पटेल असे नाही; आम्हांसही त्यांचे धर्मांतर हा वादाचाच विषय वाटतो. त्यांचे कवितेतले साधेपण कधी कधी सपाटपणाकडे झुकते हेही खरे. पण कवीने ‘माझा ख्रिस्त असा आहे’ म्हणावे आणि इतिहासकाराने ‘ख्रिस्त असा होता’ म्हणावे, ह्या दोन वाक्यांतील अंतर टिळकांनी कधी पुसले नाही, आणि बाबारावांनी ते पुसले. पहिल्याने कोणाचे काही हिरावले जात नाही. दुसऱ्याने यहुद्यांचा येशू जातो, ख्रिस्ती शेजाऱ्याचा देव आमच्या घरातला हरवलेला मुलगा ठरतो, आणि आपलेपणाच्या नावाखाली त्या शेजाऱ्याला स्वतःचे असे काही उरत नाही. बाबाराव ह्याला औदार्य समजत असतील. शेजाऱ्यास ते तसे वाटणार नाही.

टिळक १९१९ च्या मे महिन्यात मुंबईस वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य जेमतेम सुरू झालेले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यातले बहुतेक सारे अध्याय पुढे लिहिले. आज ‘स्मृतिचित्रे’ घरोघर आहेत. ‘ख्रिस्तायना’ची प्रत शोधावी लागते. ‘ख्रिस्त परिचय’ मात्र नव्या छपाईत मिळते. त्याची पुढील आवृत्ती कोणी काढील तेव्हा मूळ मजकुरास कात्री लावू नये, तो जसाच्या तसा ठेवावा; फक्त कुमरानच्या गुंडाळ्या, हेमिसच्या मठाधिपतीचे उत्तर आणि यूझ आसफच्या नावाचा प्रवास यांवर चाळीसपन्नास पानांच्या टिपा शेवटी जोडाव्यात. किंमत थोडी वाढेल. तेवढी वाचक देतील.